पायाखालची काटकसर

पेट्रोलचा भाव हा आपल्याकडे चहाच्या पेल्याबरोबर चघळावयाचा विषय होऊन बसला आहे. कचेरीत, न्यायालयाच्या व्हरांड्यात, शाळेच्या शिक्षकदालनात, लग्नाच्या मांडवात, कोठेही चार सुशिक्षित माणसे जमली की भावाचा आकडा निघतो, सरकारचा उद्धार होतो, अरबस्तानातील राज्यकर्त्यांच्या हेतूंची चिकित्सा होते आणि मंडळी उठतात. उठल्यावर ती आपापल्या गाड्यांत बसतात, यंत्र सुरू करून दोनचार मिनिटे दारातच गप्पा पुऱ्या करतात आणि मग अशा त्वेषाने निघतात की, जणू त्या भावाचा सूड पायाखालच्या खटक्यावरच उगवावयाचा आहे! भावाविषयी जी माणसे इतकी जागरूक, ती खपाविषयी इतकी बेफिकीर का असावीत, हा प्रश्न आम्हांस बरेच दिवस पडला आहे. आज तोच वाचकांपुढे मांडावयाचा आहे.

पेट्रोलचे बिल हा एक साधा गुणाकार आहे. एक आकडा भावाचा आणि दुसरा लिटरांचा. पहिला आकडा हिंगोलीत ठरत नाही, मुंबईतही पुरता ठरत नाही. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी शेकडा ८५ हून अधिक तेल परदेशांतून येते. त्यावर केंद्राचा कर, राज्याचा कर आणि वाहतुकीचा खर्च चढतो. मराठवाड्याच्या या कोपऱ्यास तर तो वाहतुकीचा खर्च विशेष जाचतो. २०१८ च्या सप्टेंबरात परभणीच्या पेट्रोलने लिटरमागे नव्वदी ओलांडली, तेव्हा त्या गावाचे नाव देशभरच्या वृत्तपत्रांत झळकले. हिंगोली हा १ मे १९९९ पर्यंत त्याच परभणी जिल्ह्याचा भाग होता आणि पेट्रोलच्या बाबतीत दोघांचे नशीब अद्याप एकत्रच नांदते आहे. डेपोपासून टँकर जितका दूर येणार, तितका भाव चढणार. २०२१ साली तर शंभरीही मागे पडली. या पहिल्या आकड्याविरुद्ध लोकांनी आवाज उठवावा, कर कमी करा म्हणून मागणी करावी. ती मागणी रास्तच आहे. परंतु गुणाकारातील दुसरा आकडा मात्र कोणाच्या मंत्रालयात ठरत नाही. तो आपल्या उजव्या पायाखाली ठरतो.

हे आम्ही केवळ उपदेशाच्या भरात म्हणत नाही. गेल्या गळीत हंगामात नांदेडहून हिंगोलीस येण्याचा योग आला. गाडी आमच्या एका स्नेह्यांची. तेच चालवीत होते. साठ-पासष्टच्या वेगाने, रेडिओवरील गाणी ऐकत, ते सावकाश येत होते. अर्धापूर ओलांडले तोच मागून एक पांढरी मोटार कर्णा वाजवीत आली आणि आम्हांस जवळजवळ कडेला ढकलून पुढे गेली. वारंगा फाट्याशी पाहावे तो तीच मोटार उसाच्या ट्रॉलीमागे अडकून पडलेली! ट्रॉली बाजूस होताच ती पुन्हा उसळली. आखाडा बाळापूरच्या अलीकडे गतिरोधकाशी पुन्हा तिची भेट झाली. तेथे तिच्या ब्रेकचा आवाज आम्हांस आमच्या बंद काचांतून ऐकू आला. शेवटी कळमनुरीत शिरताना ती आमच्यापुढे केवळ चार गाड्या होती. साठ-सत्तर किलोमीटरच्या जिवावरच्या शर्यतीची ही कमाई! आमचे स्नेही निवृत्त शिक्षक. ते एवढेच म्हणाले, “त्याने पेट्रोल जाळले, आपण रस्ता पाहिला.”

या प्रसंगामागे जे शास्त्र आहे ते आठवीच्या मुलास समजावे इतके सोपे आहे. पेट्रोलात जी शक्ती असते तिचा बहुतेक भाग यंत्राच्या उष्णतेत जातो. चाकांपर्यंत पोचतो तो चतुर्थांशाच्या आसपास, आणि पुष्कळदा त्याहूनही कमी. या थोडक्या शक्तीतून गाडीला वेग येतो. ब्रेक दाबला की तो सारा वेग ब्रेकच्या उष्णतेत जातो आणि हवेत विरतो. माणसांसकट एक टन वजनाची मोटार ताशी साठच्या वेगाला नेण्यास जी शक्ती लागते तिचा हिशेब मांडला, तर ती सुमारे सतरा मिलिलीटर पेट्रोलची, म्हणजे चहाच्या तीन चमच्यांहून थोडी अधिक भरते. लिटरला शंभर रुपये धरले तर पावणेदोन रुपये. याचा अर्थ, पुढे ट्रॉली आहे हे दिसत असताना वेग वाढवावयाचा आणि तिच्या शेपटाशी जाऊन कचकन थांबावयाचे, या प्रत्येक कृतीस निसर्ग पावणेदोन रुपयांचा दंड करतो. पावती मिळत नाही म्हणून तो आपल्या ध्यानात येत नाही, एवढेच. वाटेत असे पन्नास दंड भरले की पाऊण लिटरहून अधिक पेट्रोल नुसत्या ब्रेकच्या पट्ट्या तापविण्यात गेले. ज्याला दोनशे मीटर पुढचे दिसते आणि जो वेळीच पाय उचलतो, त्याचा दंड माफ होतो. काटकसरीने गाडी हाकण्याच्या विद्येतील निम्मी विद्या या एका वाक्यात आली.

उरलेल्या विद्येतील मोठा वाटा वेगाचा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी साठच्या वेगास जो विरोध होतो तो शंभरच्या वेगास दीडपटीने किंवा दुपटीने वाढतो असे नव्हे. तो पावणेतीनपटीहून अधिक होतो. म्हणूनच १९७८ साली स्थापन झालेली पेट्रोलियम कॉन्झर्वेशन रिसर्च असोसिएशन ही सरकारी संस्था वर्षानुवर्षे सांगत आली आहे की, मोटार ४५ ते ५५ च्या वेगाने चालविल्यास ८० च्या वेगाच्या मानाने शेकडा ४० पर्यंत अधिक अंतर कापता येते. आता नव्या रुंद महामार्गावर पंचेचाळीसच्या वेगाने जाणे कोणास जमणार नाही, आणि मागून येणाऱ्या मालमोटारींच्या दृष्टीने ते सदा सुरक्षितही नाही, हे आम्हांस मान्य आहे. परंतु ऐंशी आणि शंभर यांतील निवड तर आपल्या हाती आहे? शाळेतील त्रैराशिक आठवा. ऐंशी किलोमीटरचा पल्ला. हिंगोलीहून परभणीस वा नांदेडास जाणाऱ्याला साधारण एवढेच अंतर पडते. ऐंशीच्या वेगाने साठ मिनिटे, शंभरच्या वेगाने अठ्ठेचाळीस. समजा, गाडी ऐंशीला लिटरमागे अठरा किलोमीटर देते आणि शंभरला पंधरा. तर पहिल्या रीतीने साडेचार लिटरांच्या आत काम भागते, दुसऱ्या रीतीने सव्वापाच लिटरांवर जाते. बारा मिनिटांसाठी नव्वद रुपये! आणि ही बारा मिनिटेही कागदावरची. गावे, फाटे, गतिरोधक आणि बैलगाड्या वजा जाता पदरात किती पडतात, ते वर सांगितलेल्या पांढऱ्या मोटारीच्या मालकास विचारावे.

तिसरी गोष्ट उभ्या गाडीची. जी गाडी उभी असून यंत्र चालू आहे, तिचे लिटरमागचे अंतर शून्य असते. यापरता वाईट हिशेब जगात दुसरा नाही. लहान मोटारीचे यंत्र तासभर नुसते घुमत ठेवले तरी अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल खाते. वातानुकूलन चालू असेल तर त्याहूनही अधिक. शाळा सुटण्याच्या वेळी शाळेच्या दारात, बँकेपुढे, औषधाच्या दुकानासमोर हे दृश्य रोज दिसते. हळदीच्या हंगामात हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डापुढे आणि वसमतच्या बाजारात टेम्पो-ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात, तेव्हा या शून्याचा गुणाकार केवढा होत असेल? वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आम्हां सर्वांस अभिमान आहे. परंतु त्या हळदीच्या भावातून शेतकऱ्याच्या हाती जे चार पैसे पडावयाचे, त्यांतले काही रांगेतच धूर होऊन जावेत, हे अभिमानास्पद नव्हे. गाडी पुन्हा सुरू करण्यास फार तेल लागते, ही समजूत जुन्या यंत्रांच्या काळातली आहे. आजच्या गाडीस पंधरावीस सेकंदांहून अधिक थांबावयाचे असेल, तर यंत्र बंद करणेच फायद्याचे. वाहतुकीच्या ऐन प्रवाहात मात्र हा प्रयोग कोणी करू नये. फाटक, रांग, दुकान यांपुरता तो ठेवावा.

या ठिकाणी आणखी एका जुन्या समजुतीचा समाचार घेणे आम्ही कर्तव्य समजतो, कारण तिच्यात पैशांपेक्षा मोलाची वस्तू पणास लागते. उतार आला की गाडी न्यूट्रल करावयाची, आणि काही महाभाग तर यंत्रच बंद करावयाचे, ही रीत कित्येक चालक मोठ्या हुशारीची समजतात. औंढा नागनाथच्या डोंगराळ वाटांवर आम्ही ती पाहिली आहे. वस्तुतः आजच्या मोटारीत गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलला की उतारावर इंधनाचा पुरवठा आपोआप बंद होतो. चाकेच यंत्रास फिरवितात. न्यूट्रल केल्यास मात्र यंत्र फिरते ठेवण्यासाठी थोडे थोडे तेल जळतच राहते. म्हणजे ज्यास बचत म्हणून कवटाळले, तोच खर्च निघाला! यंत्र बंद केले तर त्याहून भयंकर. ब्रेकला मिळणारे यंत्राचे साहाय्य थांबते, चाक जड होते, किल्ली फिरली तर ते अडकूनही बसते. वळणावर समोरून यात्रेकरूंची जीप आली, तर वाचविलेल्या त्या दोन चमच्यांचा हिशेब कोण कोणास देणार? काटकसर आणि कंजुषी यांतील सीमारेषा येथे आहे. जी बचत जिवावर उठते तिला आम्ही बचत म्हणत नाही.

बाकीचे नियम थोडक्यात सांगता येतात. गाडी हलू लागली की लवकर वरचा गिअर घ्यावा. यंत्रास किंचाळावयास लावू नये आणि गुदमरावयासही लावू नये. क्लचवर पाय टेकून बसण्याची खोड मोडावी. टायरातील हवा पंधरवड्यातून एकदा, गाडी थंड असताना तपासावी. किती हवा हवी हे बहुधा दाराच्या चौकटीवरच लिहिलेले असते. हवा कमी असलेला टायर शेकडा दोनतीन टक्के तेल जास्त खातो, लवकर झिजतो आणि उन्हाळ्यात तापून फुटण्याचा धोका निराळा. अधिक हवा भरणेही तितकेच घातक. टपावरची जाळी काम नसताना उतरवून ठेवावी, कारण ती रिकामी असली तरी वारा अडविते. गावातल्या गावात, वेग कमी असताना, काचा उघड्या टाकाव्यात. महामार्गावर मात्र त्या बंद करून वातानुकूलन लावणे अधिक बरे. वैशाखात गाडी लिंबाच्या सावलीस लावली, तर तिला थंड करण्यात तेल जात नाही. आणि सर्वांत मोठी काटकसर म्हणजे अर्ध्या कोसावरच्या कामास पायी जाणे! थंड यंत्र पहिल्या एकदोन किलोमीटरांत सर्वांत जास्त खाते. कोपऱ्यावरच्या दुकानातून कोथिंबीर आणावयास मोटार काढणाऱ्याने त्या जुडीची खरी किंमत एकदा मांडून पाहावी.

अलीकडे एक नवी तक्रार ऐकू येते. पेट्रोलात शेकडा २० इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ साली गाठले गेल्यापासून गाडी पूर्वीइतके अंतर देत नाही, असे पुष्कळांचे म्हणणे आहे. ते निराधार नाही. इथेनॉलात पेट्रोलच्या मानाने शक्ती सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या धर्तीच्या मोटारींत शेकडा ६ ते ७ आणि दुचाकींत ३ ते ४ घट होईल, असा अंदाज दिलेला होता. ज्यांची गाडी जुनी आहे त्यांना ही झळ लागते, आणि सरकारने ती उघडपणे कबूल करावयास हवी. परंतु हे इथेनॉल ज्या उसापासून निघते तो आपल्याच वसमतच्या शिवारात पिकतो, हेही विसरून चालणार नाही. आणि शेकडा सहासात टक्क्यांच्या घटीवर तावातावाने बोलणारे आम्ही, आमच्या आडदांड हाकण्याने शेकडा पंधरा ते तीस टक्के गमावतो, हे तर मुळीच विसरता कामा नये. महिन्यास हजार किलोमीटर फिरणाऱ्या आणि लिटरमागे पंधरा किलोमीटर मिळणाऱ्या गृहस्थाने शेकडा पंधरांची सुधारणा केली, तरी महिन्याकाठी साडेआठ लिटरांहून अधिक वाचतात. वर्षाचे दहा हजार रुपये होतात. मध्यमवर्गीय घरात ती एका मुलाच्या पुस्तकांची आणि कपड्यांची रक्कम आहे.

हा प्रश्न आजचाच आहे असेही नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलला रेशन लागले आणि कोळशाच्या गॅसवर बसगाड्या चालल्या. त्या पाहिलेले वडीलधारे आता थोडे उरले. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेलाची कोंडी केली आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. त्या नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी निषेधार्थ बैलगाडीतून संसदेकडे गेले, हे अनेकांस स्मरत असेल. परंतु अमेरिकेने काय केले, ते तितकेसे कोणास स्मरत नाही. ज्या देशात वेग हा धर्म मानला जातो, त्या देशाने १९७४ साली कायदा करून साऱ्या महामार्गांवरील वेग ताशी ५५ मैलांवर, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरांवर आणला आणि वीस वर्षांहून अधिक काळ देशव्यापी वेगमर्यादा चालू ठेवली. श्रीमंतास जी काटकसर कमीपणाची वाटली नाही, ती आपल्यास का वाटावी?

आता जबाबदारीचा प्रश्न. सारा भार नागरिकाच्या पायावर टाकून राज्यकर्त्यांस मोकळे सोडण्याचा आमचा विचार नाही. रस्त्यात खड्डा असला की चालकास ब्रेक दाबावाच लागतो. म्हणजे तो पावणेदोन रुपयांचा दंड या वेळी बांधकाम खात्याने लावलेला असतो. ज्याच्या त्याच्या मर्जीने उभारलेले, रंग नसलेले, रात्री न दिसणारे गतिरोधक हे तर दंडाचे कायमचे नाकेच होत. ते नियमात बसवावेत वा उखडावेत. मंत्र्यांचे दौरे निघाले की मागे वीस-वीस गाड्यांची रांग धावते, तिच्याकडे पाहून सामान्य माणसाने काटकसरीचा कोणता धडा घ्यावा? जिल्ह्यातील प्रत्येक सरकारी गाडीने महिन्यास किती किलोमीटर तोडले आणि किती तेल घेतले, याचा तक्ता कचेरीच्या फलकावर लागू द्या. लोकांस सांगण्याचा अधिकार त्यानंतर येतो. पेट्रोलपंपावर हवा विनामूल्य मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे. ती देणारे यंत्र ‘बंद आहे’ अशी पाटी लावून उभे असेल, तर संबंधितांनी त्याची दखल घ्यावी.

आणि शिकवावे कोणी? येथे आम्हांस एस.टी.च्या चालकाची आठवण होते. या मुलखात निजामाच्या रेल्वेने १९३२ साली बसगाड्या सुरू केल्या, तेव्हापासून प्रवासी वाहतुकीची परंपरा आहे. दहा लिटर डिझेलमागे गाडी किती किलोमीटर गेली, याचा हिशेब एस.टी.च्या आगारांतून ठेवला जातो, आणि कमी तेलात गाडी नेणारा चालक तेथे कुशल समजला जातो. तीसतीस वर्षे हाच रस्ता, हेच खड्डे, हीच गर्दी पचवून निवृत्त झालेले चालक गावोगाव आहेत. मोटार शिकविणाऱ्या शाळांनी त्यांना महिन्यातून एकदा सन्मानाने बोलवावे. आज या शाळांतून मुलगा गाडी मागे घ्यावयास शिकतो, परवाना मिळविण्यापुरते आठाचे वळण काढावयास शिकतो. पाय केव्हा उचलावा, हे त्यास कोणी सांगत नाही. परवान्याच्या परीक्षेत त्यावर एखादा प्रश्न तरी यावा, अशी आमची परिवहन खात्यास सूचना आहे.

शेवटी गोष्ट येते ती स्वभावावर. संत नामदेवांच्या नरसीचा हा जिल्हा; येथल्या माणसास सावकाशीचे वावडे असण्याचे कारण नाही. आषाढीची दिंडी आजही पायी चालते आणि ठरल्या दिवशी पंढरपुरास पोचते. मोटारीत बसलेल्याने पायी चालावे असे आम्ही म्हणत नाही. कामे असतात, वेळ थोडा असतो, आजारी माणसास रुग्णालयात न्यावयाचे असते, तेव्हा वेग हाच धर्म ठरतो. परंतु रोजच्या ये-जा करण्यात जी उगाच घाई असते, तिला धर्म म्हणता येत नाही. प्रत्येक लिटर पेट्रोल जळले की सव्वादोन किलोंहून अधिक कर्बवायू हवेत जातो आणि तितकेच परकीय चलन देशाबाहेर जाते. या दोहोंचा भार आपल्या मुलांच्या खांद्यावर पडतो.

आमची वाचकांस एकच विनंती आहे. येत्या महिन्यात टाकी पूर्ण भरल्या दिवशी मीटरवरचा आकडा एका वहीत टिपा. पुन्हा टाकी भराल तेव्हा मधले किलोमीटर आणि घेतलेले लिटर यांचा भागाकार मांडा. पुढील महिन्यात वर सांगितलेले नियम पाळून तोच भागाकार पुन्हा करा. दोन उत्तरांतील फरक हाच आमच्या लेखाचा न्याय करील. तो फरक आमच्या बाजूने पडला, तर पेट्रोलच्या भावावर चर्चा अवश्य करा. मात्र ती चर्चा यंत्र बंद करून करा.